सच्छिद्र दगडांना टंबलरमध्ये झिलई आणताना

काळ्या ज्वालामुखी दगडाचे तीसेक तुकडे पाच आठवडे टंबलरमध्ये, म्हणजे दगड घासून गुळगुळीत करणाऱ्या यंत्रात, फिरवून मी पहिल्यांदा बाहेर काढले, तेव्हा पाण्याखाली ते काचेसारखे लखलखत होते. फडक्याने टिपून ते रात्रभर कागदावर पसरून ठेवले आणि सकाळी पाहतो, तर प्रत्येक दगडावर खडूची भुकटी शिंपडावी तसे पांढरे ठिपके उमटलेले. पॉलिशची पूड दगडाच्या बारीक छिद्रांत जाऊन बसली होती. ओली असेपर्यंत ती दिसली नाही आणि वाळताच पांढरी पडली. ब्रशने, सुईने, गरम पाण्याने जेवढी निघाली तेवढी काढली, तरी निम्म्याहून अधिक दगड पुन्हा पहिल्यापासून करावे लागले. अकीक आणि गारगोटी यांवर हात बसलेल्या माणसाला सच्छिद्र दगड पहिल्या खेपेला असेच फसवतात, कारण या दगडांत खरे काम घासण्याचे नसून छिद्रांत काय शिरते आणि काय मागे राहते, यावर लक्ष ठेवण्याचे असते. पुढे दिलेली रीत त्याच दृष्टीने मांडली आहे.

फिरत्या टंबलरचे तत्त्व सोपे आहे. रबरी पिंपात दगड, पाणी आणि ग्रिट घालून ते आडवे फिरवत ठेवले की वर चढलेले दगड खाली घसरत येतात आणि त्यांच्यामध्ये सापडलेले ग्रिट दोन्ही बाजूंचे पृष्ठभाग घासत जाते. ग्रिट म्हणजे घासणारी कठीण पूड, बहुधा सिलिकॉन कार्बाइडची. खनिजशास्त्रज्ञ मोह्स यांनी १८१२ मध्ये मांडलेल्या, १ ते १० अशा काठिण्याच्या श्रेणीवर सिलिकॉन कार्बाइडचा अंक ९ च्या थोडा वर येतो, तर गारगोटीचा ७ आहे. ग्रिटच्या पिशवीवरचा आकडा चाळणीच्या एका इंचातील छिद्रांचा असतो, त्यामुळे आकडा जितका मोठा तितकी पूड बारीक: ६० क्रमांकाचा कण सुमारे पाव मिलिमीटरचा, तर शेवटच्या पॉलिशचा कण एका मायक्रॉनच्या आसपासचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा. रूढ क्रम असा आहे: ६०/९० चे (म्हणजे ६० ते ९० क्रमांकांच्या कणांचे) भरड ग्रिट, मग १२०/२२० चे मध्यम, मग ५०० चे बारीक आणि शेवटी पॉलिश. कठीण दगडांना प्रत्येक टप्प्याला साधारण सात दिवस लागतात, आणि पहिल्या टप्प्याला पुष्कळदा त्याहूनही अधिक.

सच्छिद्र दगडात हा क्रम बिघडतो, त्याचे कारण नीट समजून घेतले तर पुढची प्रत्येक खबरदारी आपोआप पटते. सिलिकॉन कार्बाइड कठीण असले तरी ठिसूळ आहे. दगडांच्या रेट्यात त्याचे कण फुटत जातात, आणि आठवड्याच्या शेवटी पिंपातले भरड ग्रिट गाळासारखे मऊ झालेले असते. मात्र जो कण पहिल्याच दिवशी एखाद्या छिद्रात शिरला, त्याला तिथे कोणीच चिरडत नाही. तो आठवडाभर जसाच्या तसा, धारदार राहतो. पुढच्या टप्प्यांत त्या छिद्राची कड हळूहळू झिजते आणि नेमका पॉलिशच्या वेळी तो कण मोकळा होऊन बाहेर पडतो. एका मायक्रॉनच्या पुडीत पाव मिलिमीटरचा एक दाणा पडला, तर तो एकटा सगळ्या दगडांवर ओरखडे काढत फिरतो. माझ्याकडे रायोलाइट या ज्वालामुखी दगडाच्या एकाच खळगेदार तुकड्याने अकिकाचे अख्खे पिंप असे खराब केले आहे. अकिकांत काहीच दोष नव्हता. सोबत चुकली होती.

दुसरी गोष्ट प्रकाशाची. पृष्ठभागावरचे चढउतार प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा, म्हणजे साधारण अर्ध्या मायक्रॉनपेक्षा लहान झाले की प्रकाश आरशासारखा परततो आणि त्यालाच आपण झिलई म्हणतो. दगडातच डोळ्यांना न दिसणारी लाखो छिद्रे असतील, तर वरचा भाग कितीही घासला तरी प्रकाश त्या छिद्रांच्या कडांवर विखुरतो आणि रंग फिका, पिठूळ दिसतो. असा दगड भिजवला की पाणी छिद्रांतील हवेची जागा घेते, विखुरणे कमी होते आणि रंग एकदम गडद उमटतो. म्हणून ओला दगड जे रूप दाखवतो, ते छिद्रे कशाने तरी कायमची भरली तरच टिकते. नुसत्या पॉलिशने ते येईल, ही आशा सोडून द्यावी.

छिद्रे कोणत्या जातीची आहेत

सगळे सच्छिद्र दगड एकाच पिंपात आणि एकाच रीतीने करता येत नाहीत. सुरुवातीला त्यांची तीन गटांत वाटणी करणे मला सर्वांत उपयोगी वाटते. पहिल्या गटात डोळ्यांना दिसणारे खळगे असलेले दगड येतात: वायूचे बुडबुडे अडकून थिजलेला बेसाल्ट, रायोलाइट, ट्रॅव्हर्टाइन, जीवाश्म प्रवाळ. दुसऱ्या गटात वरून एकसंध दिसणारे, पण पाणी शोषणारे दगड: पिरोजा, हाउलाइट, मॅग्नेसाइट, क्रायसोकोला. तिसऱ्या गटात दाणेदार दगड, म्हणजे वालुकाश्म आणि त्यासारखे, ज्यांत दाण्या-दाण्यांमध्येच फट असते. या तिसऱ्या गटाला टंबलरमध्ये झिलई येत नाही. दाणे घासले जाण्याऐवजी सुटून येतात आणि दगड नुसता लहान होत जातो. प्युमिस आणि स्कोरिया या फेसाळ ज्वालामुखी दगडांचेही तसेच आहे. त्यांत दगडापेक्षा छिद्रेच अधिक असतात आणि ते तसेच खडबडीत छान दिसतात.

लाजवर्दाचा (निळ्या लॅपिस लाझुलीचा) उल्लेख वेगळा करावा लागतो. तो फारसा सच्छिद्र नसला तरी त्यात कठीण आणि मऊ खनिजे शेजारी-शेजारी असतात. पांढरे कॅल्साइट आधी झिजते आणि निळ्या भागाशेजारी खळगा तयार होतो. म्हणजे छिद्रे सुरुवातीला नसतात, ती आपण टंबलरमध्ये निर्माण करतो. अशा दगडाला भरड टप्पा जितका कमी द्यावा तितके चांगले.

दगड कोणत्या गटातला हे नक्की कळत नसेल, तर दोन-तीन साध्या परीक्षा पुरतात. कोरड्या दगडावर पाण्याचा एक थेंब ठेवून पाहावे. थेंब मण्यासारखा उभा राहिला तर दगड बंद आहे. मिनिटाभरात त्याच्याभोवती गडद वलय पसरले तर दगड पाणी पितो. अधिक खात्री हवी असेल तर दगड आठवडाभर उबेत पूर्ण वाळवावा, दशांश ग्रॅमपर्यंत अचूक काट्यावर वजन करावे, २४ तास पाण्यात ठेवावा, वरवर टिपून पुन्हा वजन करावे. ५० ग्रॅमचा दगड ५१.५ ग्रॅम भरला, तर त्याने वजनाच्या ३ टक्के पाणी शोषले. माझ्या कामापुरता माझा ठोकताळा असा आहे की अर्ध्या टक्क्याच्या आत असलेला दगड नेहमीच्या रीतीने करावा, आणि त्यापुढे गेलेला दुसऱ्या गटातला दगड छिद्रे भरल्याशिवाय पिंपात टाकू नये. जिभेला चिकटतो का, ही जुनी परीक्षा मात्र अजिबात करू नये. तांबे किंवा शिसे असलेले खनिज तोंडात घालण्याची काहीच गरज नाही.

काठिण्यही याच वेळी पाहून ठेवावे. नखाचे काठिण्य सुमारे २.५, तांब्याचे ३ आणि चाकूच्या पात्याचे ५.५ च्या आसपास असते. हाउलाइटवर (३.५) चाकूचा ओरखडा सहज उठतो, चांगल्या पिरोज्यावर (५ ते ६) अवघड जाते आणि गारगोटीवर उठतच नाही. एका पिंपात घालायच्या दगडांच्या काठिण्यात एका अंकापेक्षा अधिक फरक नसावा. पिरोजा म्हणून घेतलेला दगड प्रत्यक्षात रंगवलेला हाउलाइट किंवा मॅग्नेसाइट असणे फार सामान्य आहे. ॲसिटोनमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा त्यावर घासला आणि बोळ्याला निळा रंग लागला, तर तो दगड टंबलरमध्ये घालण्यात अर्थ नाही, कारण रंग वरच्या पातळ थरातच असतो आणि भरड ग्रिट तोच थर आधी काढते.

छिद्रे भरणे

छिद्रे कधी भरायची, याचे उत्तर दगडाच्या गटावर अवलंबून आहे आणि इथेच पुष्कळांची गल्लत होते. दिसणारे खळगे असलेला बेसाल्टसारखा दगड आधी भरड टप्प्यातून जाऊ द्यावा आणि मग भरावा. आधी भरला तर वरचा थर झिजताना भरलेले खळगेही झिजून जातात आणि खालचे नवे उघडे पडतात, त्यामुळे सगळी मेहनत पाण्यात जाते. याउलट पाणी पिणारा मऊ पिरोजा किंवा क्रायसोकोला भरड टप्प्याच्या आधीच पक्का करावा लागतो. नाहीतर तो ग्रिटच्या माऱ्यात ठिसूळ होऊन कडांनी ढासळतो.

पक्का करण्यासाठी सावकाश घट्ट होणारे पातळ इपॉक्सी रेझिन चांगले. दगड आतपर्यंत कोरडा असणे ही पहिली अट आहे, कारण छिद्रांत पाणी असेल तिथे रेझिन शिरत नाही. मी दगड ६० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या कोरड्या उष्णतेत एक-दोन दिवस ठेवतो आणि कोमट असतानाच रेझिनमध्ये बुडवतो. उबेने रेझिन अधिक पातळ होते, आणि दगड निवताना आतली हवा आकुंचन पावून रेझिनला आत ओढून घेते. दगडाच्या अंगावरून बुडबुड्यांची बारीक माळ वर येताना दिसते. ती थांबेपर्यंत दगड बुडालेलाच ठेवावा. निर्वात पंप आणि जाड झाकणाचे भांडे असेल तर काम अधिक खोलवर होते, पण लहान तुकड्यांना त्यावाचून अडत नाही. बाहेर काढून निथळवावे, अंगावरचे जादा रेझिन पुसून घ्यावे आणि मग किमान आठवडाभर हात लावू नये. वरून कडक लागणारे रेझिन आत चिकटच असते आणि असा दगड पिंपात गेला की त्याच्यावर ग्रिट रुतून बसते. हातमोजे घालावेत, खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि जवळ ॲसिटोन असेल तर आगीचा संबंध येऊ देऊ नये.

दिसणारे खळगे भरण्यासाठी पातळ सायनोॲक्रिलेट गोंद, म्हणजे झटपट चिकटणारा नेहमीचा गोंद, सोयीचा पडतो. खोल खळगा एका दमात भरू नये. जाड थर आतून फेसाळतो आणि पांढरा पडतो. थोडा गोंद, त्यावर त्याच जातीच्या दगडाची कोरडी पूड, पुन्हा गोंद, असे थर देत कडेच्या किंचित वर येईपर्यंत भरावे. पूड घालण्याचे दोन फायदे आहेत: रंग जुळतो, आणि नुसता गोंद दगडापेक्षा फार मऊ असल्यामुळे तो पुढे झिजून खड्डा पडतो तो पडत नाही. पूड करताना दगड ओला करून कुटावा आणि मग वाळवावा, शिवाय हाताळताना धूळ अडवणारा मास्क लावावा. सिलिकायुक्त दगडाची कोरडी धूळ फुप्फुसात जाऊन कायमचे नुकसान करते, आणि क्रायसोकोला किंवा मॅलाकाइट यांच्या पुडीत तांबेही असते.

दगड भरायचेच नसतील, छिद्रांचा नैसर्गिक पोत तसाच ठेवायचा असेल, तर तेही योग्य आहे आणि मला स्वतःला काही बेसाल्ट तसेच आवडतात. अशा वेळी दगड पिंपात घालण्यापूर्वी स्वच्छ पाण्यात पूर्ण दिवस बुडवून ठेवावेत. कोरडा दगड पिंपातले पाणी ओढून घेतो आणि त्याबरोबर ग्रिटचा बारीक चुराही आत खेचतो. शिवाय पाणी कमी पडल्यामुळे गाळ घट्ट होऊन काम मंदावते. आधीच पाणी प्यायलेल्या दगडाची ओढ संपलेली असते.

पिंप भरणे आणि पहिले टप्पे

फिरते पिंप दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश भरलेले असावे. त्याहून कमी असेल तर दगड घसरण्याऐवजी उंचावरून पडतात, आणि छिद्रांच्या पातळ कडांचे टवके उडतात. लहान-मोठे दगड मिसळावेत. जागा उरली तर सिरॅमिकच्या लहान नळकांड्यांनी भरावी, किंवा दगड मऊ असतील तर प्लास्टिकच्या गोळ्या घालाव्यात. सिरॅमिकचे तुकडे छिद्राच्या मापापेक्षा थोडे मोठे घ्यावेत. छिद्राएवढाच तुकडा असेल तर तो आत असा घट्ट अडकतो की तो फोडूनच काढावा लागतो. पाणी वरच्या थराच्या किंचित खाली राहील इतके, आणि ग्रिट किलोभर दगडांना साधारण चार मोठे चमचे.

आवाजाकडे कान ठेवण्याची सवय लावून घ्यावी. नीट भरलेल्या पिंपातून वाळूवरून पाणी ओसरावे तशी सलग घसघस ऐकू येते. खडखड वेगळी-वेगळी ऐकू आली तर दगड आपटत आहेत, मग थोडा भर घालावा. काहीच आवाज येत नसेल तर बहुधा गाळ इतका घट्ट झाला आहे की दगड एक गोळा होऊन फिरत आहेत.

चाकूने ओरखडा उठणाऱ्या दगडांना ६०/९० चे ग्रिट मी देतच नाही. त्यांना १२०/२२० पासून सुरुवात करावी, आणि हाउलाइटसारख्या मऊ दगडाचे आकार आधीच बरे असतील तर थेट ५०० पासून. सात दिवसांचा नियम इथे लागू नाही. पिंप रोज उघडून एक दगड धुऊन पाहावा आणि आकार मनाजोगा आला की थांबावे. रोज उघडण्याचे आणखी एक कारण असे की काही दगडांच्या गाळातून वायू तयार होतो, आणि बंद पिंप फुगून झाकण उडते किंवा गाळ पाझरतो. बेसाल्ट आणि रायोलाइट यांना मात्र भरड टप्प्यात सढळ वेळ द्यावा, कारण उथळ खळगे इथेच पूर्ण घासून नाहीसे होतात. दोन आठवडे, कधी तीन. जे खळगे तरीही राहतील तेवढेच भरायचे असतात.

कंपन करणारा टंबलर उपलब्ध असेल तर मऊ आणि सच्छिद्र दगडांसाठी तो उजवा आहे. त्यात दगड कोसळत नाहीत, जागच्या जागी थरथरतात, त्यामुळे टवके कमी उडतात आणि टप्पे आठवड्यांऐवजी दिवसांत होतात. आकार गोल करण्याचे काम मात्र तो फारसे करत नाही.

दोन टप्प्यांमधली धुलाई

नेहमीच्या दगडांना दोन टप्प्यांमध्ये नळाखाली धुतले की भागते. सच्छिद्र दगडांच्या बाबतीत ही धुलाईच सगळ्यांत मोठे काम आहे, आणि तिला एक संध्याकाळ राखून ठेवावी असे मी आग्रहाने सांगेन.

पिंप बादलीवर ठेवलेल्या चाळणीत उपडे करावे आणि दगड लगेच पाण्यात टाकावेत. गाळ छिद्रांत एकदा वाळला की तो सिमेंटसारखा धरून बसतो. म्हणून धुलाई पूर्ण होईपर्यंत दगड एक क्षणही कोरडे पडू देऊ नयेत. दोन-तीन पाण्यांतून काढल्यावर प्रत्येक दगड ताठ केसांच्या दातघासणीने सर्व बाजूंनी घासावा आणि पिचकारीने किंवा नळीच्या बारीक धारेने प्रत्येक खळग्यात तिरपी धार मारावी. समोरून मारलेली धार कण आणखी आत दाबते, तिरपी धार तो बाहेर उचलते. मग दगड स्वच्छ पिंपात, ग्रिटशिवाय, पाणी आणि थोड्या साबणाच्या किसासह तास-दोन तास फिरवावेत आणि पुन्हा धुवावेत. रेझिनने न भरलेल्या पिरोज्याला मात्र साबणही देऊ नये. तो साबण, तेल, घाम, सगळे शोषतो आणि रंग बदलतो. त्याला नुसते कोमट पाणी.

ध्वनिलहरींनी साफ करणारे दागिन्यांचे यंत्र मिळाले तर ते जरूर वापरावे. छिद्र नसलेल्या दगडासाठी तो शौक आहे, सच्छिद्र दगडासाठी ते जवळजवळ गरजेचे आहे. स्वच्छ दिसणारा बेसाल्टचा तुकडा त्यात टाकला की पहिल्या काही सेकंदांतच छिद्रांतून करड्या धुराच्या रेघेसारखा गाळ निघून तळाकडे उतरताना दिसतो. पाणी बदलत राहावे आणि ही रेघ निघणे बंद होईपर्यंत फेऱ्या द्याव्यात. आतून चिरा असलेले आणि गोंदाने भरलेले दगड मात्र यात फार वेळ ठेवू नयेत, जोड सुटतात.

यानंतर परीक्षा. दोन-तीन दगड पूर्ण वाळवून पांढऱ्या कागदावर हलकेच आपटावेत. सिलिकॉन कार्बाइडचा चुरा गडद करडा असतो, त्यामुळे कागदावर एकही काळसर कण पडला तरी तो उठून दिसतो. पडला तर सगळे दगड पुन्हा धुवावेत. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून, बाजूने प्रकाश टाकून खळग्यांत पाहावे; ग्रिटचे कण लुकलुकतात. कंटाळा येतो हे खरे, तरी या एका कागदाने माझे जितके आठवडे वाचवले आहेत तितके कोणत्याही महागड्या पॉलिशने वाचवले नाहीत.

पिंप आणि झाकणही धुवायचे असतात. झाकणाच्या रबरी कडेखालच्या खाचेत ग्रिट हमखास दडून बसते, तिथे बोट फिरवून पाहावे. शक्य असेल तर पॉलिशसाठी वेगळे पिंपच ठेवावे.

बारीक ग्रिट आणि पॉलिश

५०० चा टप्पा सच्छिद्र दगडांना थोडा अधिक द्यावा, कारण छिद्राच्या कडा इथे गोलसर होतात आणि गोल झालेली कड पुढे कण सोडत नाही. हा टप्पा संपल्यावर दगड धुऊन, वाळवून खिडकीच्या उजेडात तिरपा धरावा. कोरडा दगड एकसारखा, मंद, मेणासारखा दिसला पाहिजे. ओल्या दगडावरून कधीही निर्णय घेऊ नये. पाणी सगळे दोष झाकते. ओरखडे दिसत असतील तर पॉलिश ते काढणार नाही, एक टप्पा मागे जाणेच बरे.

पॉलिशची पूड निवडताना दगडाच्या रंगाचा विचार आधी करावा. ॲल्युमिनियम ऑक्साइड बहुतेक दगडांवर उत्तम चालते, पण ते शुभ्र आहे आणि काळ्या दगडाच्या उघड्या छिद्रांत ते अडकले की सुरुवातीला सांगितलेला प्रकार घडतो. हाउलाइट, मॅग्नेसाइट, ट्रॅव्हर्टाइन अशा फिक्या दगडांत ते राहिले तरी डोळ्यांना खुपत नाही. काळ्या दगडाचे खळगे भरलेले असतील तर काळजी नाही. भरलेले नसतील तर मी पॉलिशच्या टप्प्याआधी कोमट दगडावर वितळलेले मेण चोळून खळगे तात्पुरते बुजवतो आणि वरचे मेण फडक्याने पुसून काढतो. पिंपातल्या पाण्याला ऊब येत नाही तोवर मेण जागचे हलत नाही. दुसरा मार्ग म्हणजे ५०० च्या टप्प्यावरच थांबणे. छिद्रेदार बेसाल्टला ती मंद, रेशमी तकाकी शोभते, आणि त्यावर चकाकीचा हट्ट धरण्यापेक्षा मला ती अधिक खरी वाटते.

मऊ दगडांना पॉलिश करताना पिंपात प्लास्टिकच्या गोळ्या भरपूर घालाव्यात, निम्म्यापर्यंत सुद्धा, म्हणजे दगड एकमेकांवर आदळून धूसर होत नाहीत. या गोळ्यांत ग्रिट रुतते, म्हणून प्रत्येक टप्प्याच्या गोळ्या कायमच्या वेगळ्या ठेवाव्यात आणि डब्यांवर क्रमांक लिहावेत. कंपन करणाऱ्या यंत्रात अक्रोडाच्या टरफलांच्या भरड्यावर पॉलिशची पूड चोळून कोरडे पॉलिशही करता येते. पाणी पिणाऱ्या दगडांना ते मानवते, कारण छिद्रांत गाळ शिरण्याचा प्रश्नच उरत नाही, मात्र यंत्र झाकूनच चालवावे.

पॉलिश संपल्यावर दगड पिंपातून थेट पाण्याच्या बादलीत. पुन्हा तीच धुलाई, तीच ध्वनिलहरींची फेरी; फक्त परीक्षेचा कागद या वेळी काळा. कॅल्साइट असलेल्या दगडांना, पिरोज्याला आणि मॅलाकाइटला पांढरे डाग काढण्यासाठी व्हिनेगर किंवा दुसरे कोणतेही आम्ल लावू नये. डाग निघेल न निघेल, मिळालेली झिलई मात्र काही मिनिटांत जाते.

मग दगड सावलीत तीन दिवस तरी वाळू द्यावेत. छिद्रांतले पाणी सावकाश बाहेर येते आणि पांढरे ठिपके यायचेच असतील तर ते याच काळात येतात. आलेच तर लाकडी काडीचे टोक ओले करून एकेक खळगा साफ करावा. पूर्ण वाळलेल्या दगडाला थोडी ऊब देऊन सूक्ष्मस्फटिकी मेणाचा (मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्सचा) अगदी पातळ हात द्यावा आणि मऊ कापडाने घासावे. रंग थोडा गडद होतो आणि हाताळताना घाम आत शिरत नाही. स्वयंपाकाचे तेल लावू नये, ते काही आठवड्यांत चिकट होऊन धूळ धरते.

बादलीतला गाळ नळाच्या मोरीत किंवा गटारात ओतू नये. तो पाइपात बसून दगड होतो आणि पाइप फोडूनच काढावा लागतो. बादली दोन दिवस न हलवता ठेवावी, वरचे निवळ पाणी ओतून द्यावे आणि तळाचा थर जुन्या पिशवीत घालून, ओला असतानाच तोंड बांधून कचऱ्यात टाकावा, म्हणजे त्याची धूळ उडत नाही. तांबे असलेल्या दगडांचे पाणी झाडांनाही घालू नये.